आमरसातलं वशाट

मे महिन्यातल्या एका बुधवारी मी कामावरून येताना डुकराच्या मटणाचं पाकीट आणलं. आमच्या सुरतच्या घरात ते त्याआधी कधीच शिजलं नव्हतं. कुणी मनाई केली होती असं नाही. माझे मिस्टर खानदेशातले. त्यांच्या घरी बोकडाचं मटण, कोंबडी, अंडी सगळं चालतं, पण हे नाही. मी मराठवाड्यातली, आणि आमच्या समाजात हेच मोठं जेवण. लग्न आम्ही आमच्या पसंतीनं केलं आणि या एका बाबतीत दोघंही गप्प राहिलो. त्यांनी विचारलं नाही, मी मागितलं नाही. अशी बरीच वर्षं गेली.

पाकीट आणलं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. होळीच्या सुमाराला ते गावी चक्कर येऊन पडले. आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक, त्यामुळे शेजाऱ्यांचा फोन आल्यावर आम्ही दोघं जाऊन त्यांना इकडे घेऊन आलो. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, खाणंपिणं नीट पाहिजे, यांना एकटं ठेवू नका. पण इथे आल्यावरही त्यांचं जेवण वाढेना. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. मिस्टर घरात असले की त्याहून कमी. आणि त्या सोमवारी त्यांनी मला सांगून टाकलं की रविवारच्या गाडीनं गावी जाणार.

“जावयाच्या घरी किती दिस बसून खायचं माय? लोकं काय म्हणतील?”

गावी त्यांना रांधून घालणारं कुणी नव्हतं. गेले की पुन्हा तेच, आणि पुन्हा पडले तर फोन वेळेवर येईलच असं नाही, ही भीती मला होती. त्यांनी राहावं, एवढंच मला हवं होतं. भांडून त्यांना थांबवता येत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून म्हटलं, निदान त्यांच्या तोंडाला चव येईल असं एक जेवण करावं. ते पोटभर जेवले की मग बोलू.

अण्णा विहिरी खोदायचे, दगड फोडायचे, आणि घरामागं डुकरं पाळायचे. मी तालुक्याच्या शाळेत शिकले, पुढे बी.एस्सी. झाले, आज सुरतजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझी पुस्तकं, हॉस्टेल, परीक्षेच्या दिवसांतलं एसटीचं भाडं, सगळं त्या जनावरांवर निघालं. हे मी कुणी विचारलं तर सांगते आणि सांगताना मला बरं वाटतं.

मटण कुठे मिळेल हे मला माझ्या सहकारी बाईंनी सांगितलं. त्या केरळच्या, माझ्याच टेबलाच्या पलीकडे बसतात. शहरात एका दुकानात बर्फातलं पाकीट मिळतं, पाठीचा मऊ भाग, हाड नाही, चरबी नाही. त्यांनी हिंदीत कृतीही सांगितली. बोटभर जाडीचे काप करायचे, मीठ-मिरपूड लावायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी परतायचे, आणि फळाचा रस, व्हिनेगर, तिखट यांचा घट्ट पाक करून तो वरून चढवायचा. काप चकाकले पाहिजेत. त्या याला ग्लेझ म्हणतात. अननस घेतात, पण कुठलंही आंबटगोड फळ चालतं.

“कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होतं,” त्या म्हणाल्या. “फक्त जास्त शिजवू नका. हे तुमच्या गावचं डुक्कर नाही.”

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

फळ म्हणून मी आंबा घ्यायचं ठरवलं. मे महिन्यात आमच्याकडे डेअरीत तयार आमरस मिळतो, त्यामुळे सोलणं-पिळणंही वाचतं. बसमधून उतरल्यावर अर्धा किलो घेतला. डेअरीवाल्या काकांनी पिशवीला गाठ मारत विचारलं, “पुरी साथे ने, बेन?” पुरीबरोबरच खाणार ना, असं. मी हो म्हणून मान हलवली. घरी आंबटपणासाठी कैरी होतीच.

घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत बसून खालची वाहनं बघत होते. मी पाकीट पाण्याच्या बादलीत टाकलं आणि त्यांना सांगितलं, आज वशाट आहे. आमच्या घरात डुकराच्या मटणाला एवढंच म्हणतात. दुसरं कुठलं मटण असलं तर त्याचं नाव घ्यायचं, नुसतं वशाट म्हटलं की हे.

ते उठून आले, बादलीत वाकून बघितलं आणि विचारलं, “कुठं शिजवायलीस?”

“कुठं म्हणजे? गॅसवर.”

“घरात?”

“मग?”

“न्हाई,” ते म्हणाले. “घरात न्हाई.”

मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्याकडे वशाट घरात शिजत नाही. घरामागं तीन दगड मांडायचे, त्याचं भांडं वेगळं, पळी वेगळी, आणि शिजवायचं पुरुषांनी. बायकांनी फक्त भाकरी करून द्यायच्या. जेवायचंही बाहेरच, ते भांडं कधी उंबऱ्याच्या आत येत नाही. खाल्ल्यावर अंघोळ झाल्याशिवाय कुणी देवापाशी जात नाही. त्यामुळे मी ते लहानपणापासून खात आले, पण शिजवलं कधीच नव्हतं. आणि अण्णांनी जन्मभर शिजवलं, पण दुसऱ्या मजल्यावर नाही.

“अण्णा, इथं कुठं तीन दगड मांडायचे?”

“गच्चीवर.”

“गच्चीवर सगळ्या बिल्डिंगचे पापड वाळत घातलेत.”

“मग ऱ्हाऊ दे. फ्रीजमदी बी ठिवू नको, त्यात पाव्हण्याचं दूध आसतंय.” पाव्हणं म्हणजे माझे मिस्टर. अण्णा त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारत नाहीत. “तुला कळत कसं न्हाई माय? घर त्येंचं हाय. त्यांच्या आईनं इचारलं, ह्या भांड्यात काय शिजवलंस, तर काय सांगशील? मी जाईन रविवारी निघून. बोलणी तुला बसतील.”

मग मला कळलं की रविवारच्या गाडीचं कारण हेच होतं. अर्धी भाकरीही त्यामुळेच. दोन महिने ते आमच्या घरात असे राहत होते की उद्या निघून गेल्यावर त्यांची कसलीही खूण मागे राहू नये. पिण्याचा पेलासुद्धा ते एकच वापरायचे आणि स्वतः धुऊन गॅलरीच्या कठड्यावर उपडा ठेवायचे. मला ती त्यांची सवय वाटायची.

आम्ही बादलीच्या दोन बाजूंना असे उभे असताना मिस्टर आले. ते पर्वत पाटिया भागात एका साडीच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरी मशीनवर देखरेख करतात, दिवसभर गुजराती-हिंदी बोलतात आणि घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य अहिराणीत येतं, मग आमच्यासाठी साधी मराठी.

“काय शे?” त्यांनी बूट काढत विचारलं.

मी काही बोलायच्या आधी अण्णाच म्हणाले, “कायी न्हाई पाव्हणं. पोरीनं येडेपणा केलाय.”

मी सगळं सांगितलं. पाकिटात काय आहे, कुणासाठी आणलं आणि अडलं कुठे. मिस्टर बादलीत बघायला गेले नाहीत. तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं आणि म्हणाले, “मी खाणार नाही. जमणार नाही मला.”

“तुम्हाला कोण आग्रह करतंय?”

“आधीच सांगून ठेवलं. बाकी शिजवा की. मामा, बाहेर शिजलं तर चालेल ना?”

“बाहीर कुटं? गच्चीवर पापड हायेत.”

“वॉश एरिया बाहेरच आहे.” स्वयंपाकघराच्या मागे कपडे-भांडी धुवायची जी उघडी जागा असते, तिकडे त्यांनी बोट केलं. “हा बघा उंबरा. घर इथं संपलं. त्याच्या पलीकडे पाऊस पडतो, कबुतरं येतात. पाऊस घरात पडतो का कुठं?”

अण्णांनी त्या उंबऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. उंबरा म्हणजे संगमरवराची दोन बोटं उंच पट्टी, पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेली.

“आन् जाळ?”

मिस्टरांनी माळ्यावरून छोटा सिलिंडर काढला. त्याच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला असतो. लग्नाआधी ते पाच-सहा जण एका खोलीत राहायचे तेव्हाचा हा. त्यांनी तो पुसला, पेटवून पाहिला आणि वॉशिंग मशीनपासून लांब, मोरीच्या बाजूला ठेवला. भांडं म्हणून मी अॅल्युमिनियमचं जुनं पातेलं दिलं. त्यानं आम्ही कधी झाडांना पाणी घालायचो. अण्णांनी ते राखेनं घासायला मागितलं. राख नव्हती. शेवटी भांड्याच्या साबणानं दोनदा घासलं, बाहेरच्या नळाखाली.

आता अण्णा उलट्या बादलीवर बसले आणि स्वयंपाक त्यांचा झाला.

मी काप केले. त्यांनी एक काप उचलून उजेडात धरला.

“याला कातडं न्हाई.”

“नसतं या भागाला.”

“चरबी बी न्हाई. हे डुकराचं हाय म्हणून कुणी सांगितलं तुला?”

“पाकिटावर लिहिलंय.”

“लिवलंय,” ते म्हणाले आणि काप परत ठेवला.

मी सांगितलं की तव्यावर नुसतं परतायचं, दोन-चार मिनिटं या बाजूनं, तेवढीच त्या बाजूनं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना कच्चंच खायला सांगत होते. वशाट आधी हळद-मीठ घालून उकळायचं, ते पहिलं पाणी फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात शिजवायचं, पार मऊ होईपर्यंत. नाहीतर पोटात जंत होतात. गावात मोकळं फिरणाऱ्या जनावराच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. मी प्रयोगशाळेत काम करते, मला ते नाकारता येत नाही. पण हे पाकिटातलं मटण वेगळं आहे, एवढं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते या घरात कुणाला तरी हुकूम सोडत होते, “मीठ आण”, “जाळ कमी कर”, “झाकण कुटं हाय”, आणि मला ते थांबवायचं नव्हतं.

उकळलं, पाणी फेकलं, पुन्हा उकळत ठेवलं. तोवर मी आत गॅसवर मिस्टरांसाठी अंड्याची भुर्जी केली आणि भाकऱ्या थापल्या. आमच्याकडे बायकांचं काम भाकऱ्यांचं, ते न ठरवताच माझ्याकडे आलं. मधेच अण्णांचा आवाज आला, “माय, हे शिजायच्या ऐवजी उलटं व्हायलंय.”

मी जाऊन काप दाबून पाहिला. रबर. चरबी असलेलं मांस उकळून मऊ होतं, चरबी नसलेलं आवळत जातं. जितकं शिजवावं तितकं घट्ट. सहकारी बाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं.

“आजून एक उकळी देऊ,” अण्णा म्हणाले.

“नको. आता बंद करा.”

“चप्पल झालीय का?” दारातून मिस्टरांनी विचारलं.

“तुम्ही खाणार नाही ना? मग चप्पल झाली काय, बूट झाला काय.”

अण्णा पहिल्यांदा हसले. त्यांच्या पुढच्या दोन दातांची जागा मोकळी आहे, त्यामुळे हसू आलं की तोंडावर हात धरतात. या मांसाचं त्या दातांनी काय होणार, हा प्रश्न तर होताच.

मी काप बाहेर काढले आणि वॉश एरियातल्याच कट्ट्यावर फळी ठेवून त्यांच्या रेषांना आडवे, पातळ, अगदी बटाट्याच्या काचऱ्यांसारखे चिरले. आडवं चिरलं की घट्ट मांसही दाताखाली तुटतं. त्याच पातेल्यात थोडं तेल, ठेचलेला लसूण, लाल तिखट टाकलं, कैरीचा कीस टाकला, आणि पिशवीची गाठ सोडून अर्धाअधिक आमरस ओतला.

“अगं अगं,” अण्णा बादलीवरून अर्धे उठले. “रस कशाला ओतायलीस वशाटात?”

“अशीच कृती आहे.”

“मग वरून पुरणाची पोळी बी टाक येक.”

आमरस आटताना नुसता उकळत नाही, उडतो. त्याचे गरम थेंब माझ्या हातावर बसले, एक अण्णांच्या धोतरावर गेला. त्यांनी झाकण ढालीसारखं समोर धरलं आणि मी पळीनं तळ खरवडत राहिले, कारण रसात साखर असते आणि ती पटकन लागते. हळूहळू पिवळा रंग गडद झाला, बुडबुडे जड झाले, पळीवरून पाक ओघळेनासा झाला. मग चिरलेले तुकडे टाकले, मीठ घातलं, मोठ्या जाळावर चारदोनदा परतलं. प्रत्येक तुकड्याला तो पाक चिकटला. खरोखर चकाकत होते. आंबा, लसूण आणि भाजल्यासारखा एक वास येत होता, आणि त्याच्या खाली, ज्याला माहीत आहे त्यालाच ओळखता येईल असा, वशाटाचा वास.

मी एक तुकडा अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी फुंकर मारून तोंडात टाकला. चावत राहिले. बराच वेळ लागला. आम्ही दोघं बघत होतो.

“गोड हाय,” ते म्हणाले.

“नको असेल तर—”

“गोड हाय म्हणलो. नको म्हणलो का?” आणि दुसरा तुकडा त्यांनी स्वतः पातेल्यातून उचलला.

जेवायला बाहेरच बसायचं होतं. मी वॉश एरियात चटई टाकली. मोरी आणि मशीन सोडून उरलेल्या जागेत दोन माणसं कशीबशी मावतात. मी माझं आणि अण्णांचं ताट वाढलं, आणि मिस्टरांचं भुर्जीचं ताट आत टेबलावर ठेवलं. ते ताट घेऊन मिस्टर बाहेर आले आणि उंबऱ्याच्या पट्टीवर बसले. एक पाय घरात, एक बाहेर.

अण्णांचा घास हातात राहिला. “पाव्हणं, आत बसा की. आमी वशाट खायलोत.”

“तुम्ही तुमचं खा, मी माझं खातो. आत एकटा कुठं बसू? पंखा इथपर्यंत येतो.”

पंखा तिथपर्यंत येत नव्हता. तिघांनाही घाम येत होता. ज्यांना आमच्या गावाची माहिती आहे त्यांना हे समजेल. आमच्याकडे वशाट शिजलं की दुसऱ्या समाजातली माणसं गल्ली बदलून जायची. काहींशी अण्णांचं वर्षानुवर्षं येणंजाणं होतं, विहिरीच्या कामावर ते सोबत असायचे, पण या जेवणाच्या वेळी शेजारी ताट घेऊन कुणी बसल्याचं मी पाहिलेलं नाही. अण्णांनीही पाहिलं नसणार. ते खाली बघून जेवू लागले. पण जेवले. एक भाकरी संपली, दुसरी घेतली, पातेलं स्वतः पुढे ओढलं.

मिस्टरांनी उरलेल्या आमरसात भाकरी बुडवून खाल्ली आणि म्हणाले, “रस चांगला होता. तुम्ही उगाच उकळून टाकला.”

“पाव्हणं, ह्यात रसाचीच चव हाय,” अण्णा म्हणाले. “मांस कायी खरं न्हाई. कातडं नको? कातड्याबिगर काय मजा? आन् मीबी लई उकळलं. तिचं ऐकाया पायजे होतं.”

“पुढच्या वेळी ऐका,” मी म्हटलं.

अण्णांनी पेला उचलून पाणी प्यायलं. पुढची वेळ म्हणजे कुठली, हे मी न बोलताही तिथे येऊन बसलं होतं. मला वाटलं, आता ते रविवारचं काढतील. मी ताटातले तुकडे उगाच इकडून तिकडे केले. जेवण पोटभर झालं होतं, बोलायची वेळ हीच होती, आणि दोन दिवस मनात जुळवून ठेवलेलं सगळं मला त्या क्षणी निरर्थक वाटलं. डॉक्टर असं म्हणाले, गावी कोण आहे, असलं काहीही त्यांना नवीन नव्हतं.

अण्णांनी हात ताटातच झटकला आणि मिस्टरांकडे वळून बसले. जागा इतकी कमी होती की वळताना गुडघा माझ्या ताटाला लागला.

“पाव्हणं, येक इचारू का?”

“विचारा ना मामा.”

“पावसाळाभर ऱ्हायलो हितंच, तर तुमाला कायी आडचण?”

मिस्टरांनी तोंडातला घास संपवला. मग माझ्याकडे हात केला. “हे मला काय विचारता? इथं मीसुद्धा हिच्या परवानगीनं राहतो. हिला विचारा.”

“तिला काय इचारायचं? ती पोरगी हाय माजी.”

“म्हणूनच सांगतो, घर तिचं आहे. विचारा.”

अण्णांना ते अवघड गेलं. मुलीला असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, मोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काय माय? ऱ्हाऊ?”

मला दोन दिवसांचं सगळं बोलायचं होतं. पण तेवढ्यात जे तोंडातून निघालं ते एवढंच, “राहा ना अण्णा.” त्यांच्या ताटातली भाकरी संपली होती, म्हणून मी उंबरा ओलांडून आत गेले आणि अजून एक आणली.